आधीचं पान

चि. बाय,

तुझा मजकूर रात्री अकरा वाजता मोबाइलवर आला. एवढं लांबलचक अंगठ्याने कसं लिहिता तुम्ही कोण जाणे. मला तेवढं टाइप करायला शिगमो उजाडेल, म्हणून कागदावर लिहितोय. तुझा भाऊ सोमवारी सांग्याला येतो, त्याच्या हाती देईन.

नोकरीचं नंतर. आधी तुझं ते वाक्य: "सर, माणसं रुळांवर जाऊन बसतात, कोर्टात लढतात, आणि मी पानांवरची धूळ मोजत बसले तर त्याने काय होणार?"

अकरावीला पर्णरंध्राची आकृती तू वर्गात सगळ्यांत नेटकी काढली होतीस. ती रंध्रं धुळीने बुजली की झाडाचं काय होतं हे तुला मी सांगायला नको. तरी तू हे विचारतेस, म्हणजे कंटाळली आहेस. कंटाळ्याला माझ्याकडे औषध नाही. माझ्याकडे एक जुनी चूक आहे, ती सांगतो.

सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या बेकायदा खाणींवरचा शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या, आणि ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने खनिजाची वाहतूकही बंद केली. तू तेव्हा लहान होतीस. सावर्ड्याच्या रस्त्यावर टिप्परांची रांग इतकी असायची की रस्ता ओलांडायला शाळेची घंटा पाच मिनिटं आधी द्यायचो. एका आठवड्यात तो रस्ता रिकामा झाला. पावसाळा सरला, डिसेंबर आला, आणि एका सकाळी रस्त्याकडेच्या जांभळीखाली बस येईपर्यंत उभा होतो. वर बघितलं तर पानं चकचकीत हिरवी. ही जांभळी मी दहा वर्षं बघत होतो. दिवाळीनंतर तिचा रंग विटेसारखा असतो अशी माझी समजूत झाली होती, आणि तिच्यामागे डोंगर चढत गेलेल्या माट्टीच्या, म्हणजे ऐनाच्या, रानाचाही. पान तोडून अंगठ्याने चोळलं. अंगठा स्वच्छ.

आनंद व्हायला हवा होता. माझ्या पोटात गोळा आला, कारण माझ्याकडे आधीचं पान नव्हतं.

कळतंय ना मी काय म्हणतो ते? आमच्या डोळ्यांसमोर असा प्रयोग घडला, जो कुठल्याही प्रयोगशाळेला जमला नसता. वर्षानुवर्षं धूळ, आणि मग एकाएकी धूळ बंद. रस्ता तोच, झाडं तीच, वारा तोच. फक्त कुणीतरी आधीचं पान ठेवायला हवं होतं. पुढे एक अभ्यासक आले, विचारलं, "मास्तर, बंदीच्या आधीचं काही?" माझ्याकडे जाडजूड फाइल होती. नाकाला रुमाल लावलेल्या मुलांचे फोटो, बाकांवरच्या लाल थराचे फोटो, तासाला किती ट्रक गेले त्याच्या नोंदी, पंचायतीला दिलेले अर्ज. सगळं आमचं, माणसांचं. रानाचं एक पान नाही. डोंगरभर रान समोर उभं होतं आणि त्याच्या नावे माझ्या फाइलीत कोरा कागदसुद्धा नव्हता.

का नव्हता, तेही सांगतो, कारण तू आडून विचारलंच आहेस. आमच्या घरचे दोन टिप्पर होते, भावाचे. माझ्या मुलीची इंजिनिअरिंगची फी त्यातून गेली. रस्त्यावर पाणी मारा, ताडपत्री बांधा, शाळेच्या वेळात वाहतूक नको, एवढं मागणं घरात खपत होतं. रान मरतंय म्हटलं असतं तर जेवणाच्या पाटावर बोलणं बंद झालं असतं. मी भित्रा होतो असं म्हण हवं तर. पण खाणपट्ट्यात घरी ट्रक नाही असं घर शोधून दाखव, मग म्हण. २०१२ नंतर ते दोन्ही टिप्पर अंगणात गंजत पडले, बँकेचे हप्ते मी माझ्या पगारातून फेडले, तेव्हा हिशेब चुकता झाला असं मी धरतो. भाऊ धरत नाही.

असो. आधीचं पान.

तू म्हणतेस कायद्यात रानाच्या हवेला जागाच नाही. वाचून बोल. १९८१ च्या वायू प्रदूषण कायद्यात प्रदूषकाची व्याख्या काढ. माणसांना, इतर जीवांना, वनस्पतींना, मालमत्तेला किंवा पर्यावरणाला अपाय करील तो प्रदूषक. वनस्पती हा शब्द तिथे आहे. तो कुणी वापरत नाही, कारण वनस्पतीचा अपाय दाखवायला आधीचं पान लागतं. आणि २००९ ची राष्ट्रीय मानकं बघ. केंद्राने परिसंवेदनशील म्हणून अधिसूचित केलेल्या भागासाठी वेगळा रकाना आहे. सल्फर डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा इतरत्र ५० मायक्रोग्रॅम, तिथे २०. नायट्रोजन डायऑक्साइडची इतरत्र ४०, तिथे ३०. आता धुळीच्या ओळीवर बोट ठेव. पीएम १० ला वार्षिक ६०, पीएम २.५ ला ४०, दोन्ही रकान्यांत तेच. वायूच्या बाबतीत रान नाजूक, धुळीच्या बाबतीत रान आणि औद्योगिक वसाहत सारखीच. आणि आपल्याकडे रानावर बसते ती धूळच, खनिजाची लाल किंवा कोळशाची काळी. हे बदलावं असं तुला वाटतं ना? मग घोषणा नको देऊस. पान दे.

अमेरिकेत १९७७ साली कायदा दुरुस्त केला तेव्हा १५६ राष्ट्रीय उद्यानं आणि रानांची हवा सर्वांत कडक वर्गात घातली, आणि लांबचा डोंगर स्वच्छ दिसणं हीसुद्धा जपायची गोष्ट धरली. मग त्याच त्या जागी कॅमेरे लावून वर्षानुवर्षं त्याच डोंगराचे फोटो काढले. तिथलं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. पण आधीचा फोटो त्यांच्याकडे आहे. आपल्याकडे दूधसागरचे लाखो फोटो असतील, सगळ्यांत पुढे कुणीतरी दात काढून उभं.

आता मोले, म्हणजे भगवान महावीर अभयारण्याचं रान. नोव्हेंबर २०२० मध्ये रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध चांदरला रात्रीच्या वेळी माणसं रुळांवर उतरली. मी गेलो नाही, गुडघा. (गुडघाच होता, भीती नव्हती, साठीनंतर माणूस नोकरीला भीत नाही.) मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने घाटातल्या रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. तुम्ही पोरांनी पेढे वाटले, मलाही दिलात. पण निकाल शेवटपर्यंत वाचलास का? जैवविविधतेवर काय परिणाम होईल याचा सविस्तर अभ्यास करून नव्याने प्रस्ताव मांडण्याची मुभा कोर्टाने ठेवली आहे. म्हणजे उद्या कुणीतरी अभ्यास घेऊन येणार. आजही मुरगाव बंदरातला कोळसा उघड्या वाघिणींतून कुळ्यावरून, भगवान महावीर अभयारण्यातून घाट चढतो, एका रुळावरून. आज जे पान त्या रुळाकडेला आहे तेच उद्याचं आधीचं पान. उद्या ते झाडावर नसेल, गळून कुजलेलं असेल.

खाणींचंही तेच. २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने अभयारण्यं आणि त्यांच्याभोवतीचा एक किलोमीटर खाणींना बंद केला, वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली. दहा टनी टिप्पराने हिशेब केलास तर २० लाख फेऱ्या होतात, त्यात परतीच्या रिकाम्या धरल्या नाहीत. एक किलोमीटर नकाशावर ठीक आहे. दुपारी खारे वारे सुटले की धूळ पश्चिमेकडून पूर्वेला, घाटाकडे जाते. मोठे कण रस्त्याजवळच पडतात, बारीक कुठवर जातात ते तू मोज. डिसेंबर २०२२ पासून खाणींच्या पट्ट्यांचे लिलाव सुरू आहेत. माझ्या कपाटात मधल्या शांत वर्षांचे, पानांवरच्या धुळीचे ठसे आहेत. ते तुझे.

कसं करायचं ते एकदाच लिहितो. अभयारण्याच्या हद्दीत पान तोडायचं नाही, आत जायलाही वनखात्याची लेखी परवानगी काढ, उगाच शूरपणा नको. बाहेर, मालकाला विचारून, सहा झाडं निवड. तीन रस्त्याला लागून, तीन दोनशे पावलं आत. जात एकच. सागाच्या खरखरीत पानाला धूळ धरून राहते, जांभळाच्या तुळतुळीत पानावरून घसरते, त्यामुळे सागाची तुलना जांभळाशी केलीस तर मी वही फाडीन. डोक्याएवढ्या उंचीचं, पूर्ण वाढलेलं पान. पारदर्शक चिकटपट्टी वरच्या बाजूला दाबायची, उचलायची, पांढऱ्या कार्डावर लावायची. कडेला तारीख, वेळ, झाडाचा क्रमांक, वाऱ्याची दिशा, शेवटचा पाऊस कधी पडला. वजन हवं असेल तर पान ऊर्ध्वपातित पाण्यात धुऊन, ते पाणी आटवून, उरलं ते तोल, आणि पानाचं क्षेत्रफळ ग्राफ पेपरवर काढ. फेब्रुवारीचं पान पुढच्या फेब्रुवारीशी लाव. ऑगस्टशी लावू नकोस, ऑगस्टमध्ये पाऊस सगळ्यांना निर्दोष करतो.

आणि खोडांकडे बघ. तुझी आई मसाल्यात दगडफूल टाकते ना, ते तसंच खोडाखडकांवर वाढतं. त्याला मुळं नाहीत. खायचं-प्यायचं सगळं हवेतून आणि पावसातून, म्हणून हवा बिघडली की, विशेषतः सल्फर डायऑक्साइड वाढला की, त्यातल्या नाजूक जाती आधी जातात. एकाच माट्टीची रस्त्याकडची बाजू आणि रानाकडची बाजू बघ. वीतभर चौकटीत कुठल्या रंगाचे किती ठिपके, मोज आणि फोटो काढ. मी एका माट्टीवर २०१५ पासून मोजतोय. आकडे सांगत नाही, स्वतः मोज, मग जुळवू.

नोकरी. तू विचारतेस, सल्लागार कंपनीत गेले तर विकली गेले असं होईल का. बाय, पर्यावरणावरचा परिणाम तपासण्याच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रकल्पाआधीची परिस्थिती मोजायची ती पावसाळा सोडून एका हंगामाची, आणि मोजणाऱ्याला पैसे देतो प्रकल्पवाला. म्हणजे सरकारदरबारी जे एकमेव आधीचं पान दाखल होतं, ते ज्याला नंतरचं हवंय त्यानेच आणलेलं. एका जनसुनावणीत मी असला अहवाल चाळला होता. आमच्या डोंगरावरच्या झाडांच्या यादीत देवदार होता. देवदार! हिमालयातल्या अहवालातून उचललेला. मी उठून सांगितलं तेव्हा सभागृह हसलं, आणि काम पुढे सरकलं. तिथे तुझ्यासारखी कुणी मोजायला असती तर निदान माट्टी लिहिली गेली असती. जा. न जाशील तरी माझी हरकत नाही. पण गेलीस तर न मोजलेल्या आकड्याखाली सही करू नकोस. आणि रविवारची तुझी सहा झाडं सोडू नकोस. ती कंपनीची नव्हेत.

आता माझी दुसरी चूक, म्हणजे पत्र संपेल. ७ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापर्यंत मुदत दिली. या खेपेला मी तयार होतो. त्या पाच आठवड्यांत बहात्तर ठसे घेतले, पुढच्या फेब्रुवारीत त्याच झाडांचे पुन्हा बहात्तर. डावीकडे लाल, उजवीकडे जवळजवळ कोरे. लहान मुलालाही कळलं असतं. फाइल घेऊन एका कार्यालयात गेलो. टेबलामागच्या माणसाने दोन कार्डं उलटवली आणि विचारलं, "हे कुठल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं?" पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय मी. फाइल काखेत मारली आणि बाहेर पडलो.

तुझ्या वयाची मुलं म्हणतात, सर, बरोबर केलंत, त्यांची लायकी नव्हती. तुमचं चुकलं असं बायको म्हणते. मला वाटतं माझं अर्धं चुकलं. प्रश्न उर्मटपणे विचारला होता, पण रास्त होता. मी दुसऱ्या दिवशी परत जायला हवं होतं, साधा अर्ज जोडायला हवा होता, आवक-जावकच्या खिडकीवर शिक्का मारून घ्यायला हवा होता. शिक्का असता तर ते पान सरकारच्या कपाटात असतं. आता ते माझ्या कपाटात आहे, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, आणि माझ्यानंतर पोरं ते रद्दीवाल्याला देतील. तू राग गिळ. मला जमला नाही, तुला जमायला हवा. नाहीतर तुला शिकवलं कशाला?

पुढच्या रविवारी सकाळी सातला कुळे स्टेशनवर ये. चिकटपट्टी रुंद आण, अरुंद नको, आणि कार्डं कोरी पांढरी, लग्नपत्रिकांची पाठकोरी नकोत. गेल्या खेपेला नेलेलं माझं भिंगही आण. दीड वर्ष झालं.

तुझा,
सर