बेटाच्या विजेची किंमत कोण मोजतो? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकातील लेखात आम्ही असे म्हटले होते की, नवीकरणीय ऊर्जेची सर्वाधिक गरज बेटांना असते आणि ती उभारणे सर्वाधिक अवघडही तिथेच असते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या देशात वर्षभर भरपूर ऊन असते. तरीही छतावरील सौर पॅनेलची वीज ग्रिडला देण्यावर मर्यादा घातल्या जातात. बॅटऱ्या बसवल्या की हा प्रश्न सुटणार नाही का? (एक वाचक, वाक्वा, मॉरिशस)

उत्तर : आपल्या प्रश्नाचे मूळ ग्रिडच्या आकारात आहे. भारताचे संपूर्ण वीजजाळे ५० हर्ट्झ या एकाच वारंवारितेवर (म्हणजे प्रवाहाच्या सेकंदाला ५० आवर्तनांवर) चालते; मागणीपेक्षा पुरवठा कमी पडला की ही वारंवारिता घसरते. या जाळ्याचा पसारा मोठा आहे, मे २०२४ मध्ये त्यावरील मागणी २५० गिगावॉटपर्यंत पोहोचली होती. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात ८०० मेगावॉटचा एखादा संच अचानक बंद पडला तरी वारंवारिता जेमतेम हलते, कारण देशभर फिरत असलेली अवजड जनित्रे आपल्या गतीत साठलेली ऊर्जा त्या क्षणी आपोआप जाळ्यात सोडतात आणि नियंत्रण केंद्राला पुढील हालचालीसाठी वेळ मिळतो. मॉरिशसची कमाल मागणी ५०० मेगावॉटच्या आसपास आहे. तिथे चाळीस मेगावॉटचा एक संच बंद पडला तर एकूण पुरवठ्याचा सुमारे बारावा हिस्सा एका क्षणात नाहीसा होतो आणि शेजारच्या राज्याकडून वीज घेण्याची सोय नसते. वारंवारिता ठरावीक पातळीखाली घसरली की काही भागांचा पुरवठा आपोआप तोडला जातो. एकाच ढगाने अनेक छतांवरील निर्मिती एकदम खाली आणली तर परिणाम तोच होतो, म्हणून वीज मंडळ मर्यादा घालते.

मॉरिशसच्या बाबतीत एक गोष्ट फारशी बोलली जात नाही, ती सांगणे मला आवश्यक वाटते. तिथे बगॅसवर, म्हणजे रस काढलेल्या उसाच्या चोथ्यावर, चालणारी वीजनिर्मिती अनेक दशकांपासून आहे आणि महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीशी परिचित असलेल्या वाचकांना तिचे स्वरूप लगेच कळेल. फरक इतकाच की, गळीत हंगाम संपला की मॉरिशसमधील त्याच बॉयलरमध्ये कोळसा जाळला जातो. कोळसा बंद व्हायला हवाच. परंतु या प्रकल्पांतील वाफेची टर्बाइन ही फिरणारी जड यंत्रे आहेत. ती थांबली की विजेच्या युनिटांबरोबर ग्रिडला स्थिर ठेवणारे जडत्वही, म्हणजे फिरत्या यंत्रांच्या गतीत साठलेली ऊर्जाही, जाते. उसाखालील क्षेत्र घटत असताना बगॅस पुरेल तरी किती, हा त्यातलाच पुढचा प्रश्न आहे.

आता बॅटरीविषयी. बॅटरी दोन अगदी वेगळी कामे करते आणि कोणते काम करून घ्यायचे यावर तिचा आकार ठरतो. अंदमानात, दक्षिण अंदमान बेटावर, एनएलसी इंडिया या सरकारी कंपनीने उभारलेल्या २० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासोबत ८ मेगावॉट-तासांची बॅटरी आहे. पूर्ण क्षमतेच्या हिशेबाने ती चोवीस मिनिटे पुरेल. ढग आल्यावर निर्मितीतला चढउतार सावरणे हे तिचे काम, रात्र काढणे हे नव्हे. हवाई बेटसमूहातील कावाई बेटावर २०१९ मध्ये सुरू झालेल्या लवाई येथील प्रकल्पात २० मेगावॉटच्या जोडीला १०० मेगावॉट-तासांची बॅटरी आहे, म्हणजे पाच तासांची. दुपारचे ऊन संध्याकाळच्या मागणीसाठी राखून ठेवणे हे तिचे काम. पहिल्या प्रकारची बॅटरी बसवून दुसऱ्या प्रकारच्या कामाची अपेक्षा केली तर निराशा होणारच.

बॅटरी असली तरी तिचा इन्व्हर्टर, म्हणजे तिच्यातील वीज ग्रिडला चालेल अशा रूपात बदलणारे उपकरण, कसा वागतो हेही महत्त्वाचे आहे. २१ नोव्हेंबर २०२१ च्या पहाटे कावाईवरील तेलावर चालणारा सर्वांत मोठा संच अचानक बंद पडला. त्या क्षणी बेटाची सुमारे ६० टक्के वीज तो पुरवत होता. बॅटऱ्यांनी तत्काळ भार उचलला आणि बेट अंधारात गेले नाही. मात्र सुमारे मिनिटभर ग्रिडमध्ये धोकादायक आंदोलने उठली. सर्वसाधारण इन्व्हर्टर ग्रिडची वारंवारिता पाहून तिच्या मागे चालतात आणि मागे चालणारेच फार झाले की पुढे कोणी उरत नाही. स्वतः वारंवारिता धरून ठेवणारे इन्व्हर्टर हे त्यावरचे उत्तर आहे. मॉरिशसचे वीज मंडळ नव्या बॅटऱ्यांच्या निविदा काढील तेव्हा ही अट त्यात आहे की नाही, हे नागरिकांनी अवश्य विचारावे.

प्रश्न : निसर्ग चक्रीवादळात आमच्या तालुक्यात विजेचे खांब आडवे झाले आणि पुरवठा कितीतरी दिवस बंद राहिला. वादळांच्या बेटांवर सौर पॅनेल आणि पवनचक्क्या टिकतात का? (एक वाचक, श्रीवर्धन)

उत्तर : टिकतात, पण टिकण्यासाठी उभारल्या असतील तरच. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळ कॅरिबियन बेटांवरून गेले तेव्हा काही सौर प्रकल्पांची पार मोडतोड झाली, तर काही जवळजवळ अभंग राहिले. अभियंत्यांनी नंतर पाहणी केली तेव्हा फरक बहुतेक वेळा लहान गोष्टींत सापडला. पॅनेल वरून दाबणाऱ्या चिमट्यांनी धरलेले असतील तर एक पॅनेल सुटताच शेजारच्याचा चिमटाही सैल होतो आणि ओळच्या ओळ उडते. पॅनेलच्या चौकटीतून आरपार बोल्ट घातलेले असतील तर एकाचे नुकसान एकापुरते राहते. कंपनाने सैल न होणारे बोल्ट, सांगाड्याला आडवा आधार, वाऱ्याच्या वेगानुसार केलेले पायाचे गणित, यांचा खर्च एकूण खर्चाच्या तुलनेत थोडा असतो. परंतु सर्वांत कमी दराची निविदा निवडण्याच्या पद्धतीत सर्वप्रथम कात्री लागते ती यांनाच.

पवनचक्क्यांसाठी फ्रान्समधील व्हेर्ग्ने कंपनीने वेगळा मार्ग काढला. मॉरिशसच्या रॉड्रिग्ज बेटावर तिच्या पवनचक्क्या आहेत; वादळाची सूचना मिळताच मनोऱ्यासकट त्या जमिनीवर आडव्या करतात आणि वादळ ओसरल्यावर पुन्हा उभ्या करतात.

आपण उल्लेखलेले खांब मात्र मला अधिक महत्त्वाचे वाटतात. पोर्तो रिकोमध्ये मारियानंतर शेवटच्या ग्राहकापर्यंत वीज पोहोचायला सुमारे अकरा महिने लागले आणि त्याचे मोठे कारण डोंगरांतून गेलेल्या वाहिन्या हे होते. आदहुंतास या डोंगरी गावातील ‘कासा प्वेब्लो’ या संस्थेच्या इमारतीवर स्वतःची सौर यंत्रणा होती. आजूबाजूला अंधार असताना लोकांनी तिथे येऊन फोन आणि श्वसनाची उपकरणे चार्ज केली. रुग्णालय, पाण्याचे पंप, निवारा केंद्र यांना ग्रिडपासून वेगळे होऊनही चालता येईल अशी छोटी सौर-बॅटरी यंत्रणा देणे हे वादळी किनाऱ्यावरचे पहिले काम आहे. ते कॅरिबियनइतकेच रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांनाही लागू आहे.

प्रश्न : वीजवितरण सहकारी तत्त्वावर यशस्वी होऊ शकते का? आमच्या भागातील मुळा-प्रवरा संस्थेचा अनुभव पाहता शंका वाटते. (एक वाचक, श्रीरामपूर)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. मुळा-प्रवरा ही सहकारी वीजसंस्था अनेक वर्षे चालली. परंतु खरेदी केलेल्या विजेची थकबाकी वाढत गेली आणि २०११ मध्ये वितरण महावितरणकडे गेले. सहकार म्हटला की कारभार आपोआप चांगला होतो, असे कोणी म्हणू नये.

कावाईचे उदाहरण म्हणूनच लक्षपूर्वक पाहावे. तिथल्या ग्राहकांनी स्थापन केलेल्या सहकारी संस्थेने २००२ मध्ये बेटाची खासगी वीज कंपनी २१.५ कोटी डॉलरला विकत घेतली, तीही मुख्यतः अमेरिकी केंद्र सरकारच्या ग्रामीण विद्युतीकरण कार्यक्रमातील कर्जावर. हे दीर्घ मुदतीचे, कमी व्याजाचे कर्ज हीच तिची खरी पुंजी होती. त्यानंतर संस्थेने प्रत्येक प्रकल्प स्वतः बांधला नाही. कापाया येथील १३ मेगावॉटचा सौर प्रकल्प आणि ५२ मेगावॉट-तासांची बॅटरी २०१७ मध्ये खासगी कंपनीने उभारली आणि संस्थेने वीस वर्षांसाठी प्रतियुनिट १३.९ सेंट या दराने वीज घेण्याचा करार केला. लवाईच्या प्रकल्पात हा दर सुमारे ११ सेंटवर आला. तेलापासून मिळणाऱ्या विजेपेक्षा हे दर कमी होते. २०१० च्या सुमारास दहा टक्क्यांच्या आसपास असलेला नवीकरणीय वाटा त्यामुळे निम्म्याच्या बराच वर गेला. एका जुन्या टर्बाइनला क्लच बसवून, इंधन न जाळता नुसते फिरते ठेवून, ग्रिडला स्थैर्य देण्याची सोयही तिने केली.

यश कशात होते, असे विचाराल तर माझे उत्तर असे आहे की, सभासद आणि ग्राहक एकच होते आणि वसुली चोख होती. स्कॉटलंडमधील ऐग बेटावर हेच अगदी लहान प्रमाणात दिसते. जेमतेम शंभर वस्तीच्या या बेटाने २००८ मध्ये जल, वारा आणि सूर्य यांवर आपले ग्रिड सुरू केले आणि प्रत्येक घराला एका वेळी पाच किलोवॉट, तर व्यवसायाला दहा किलोवॉट अशी मर्यादा सर्वांनी मिळून ठरवली. मर्यादा पाळली जाते, म्हणून लहान यंत्रणा पुरते आणि कर्जाचा बोजाही लहान राहतो.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. लहान बाजारपेठ, परकीय चलनातील कर्ज आणि दर काही वर्षांनी येणारे वादळ, अशा प्रकल्पाला कोणती बँक कर्ज देईल? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : या अंकातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आपण विचारला आहे. डिझेल जनित्राला सुरुवातीचा खर्च कमी आणि इंधनाचा खर्च रोजचा असतो. हा रोजचा खर्च बहुतेक बेटांवर ग्राहकाच्या बिलात जसाच्या तसा चढवला जातो. आपल्या बिलातील ‘इंधन समायोजन आकार’ वाचकांना माहीत आहेच. त्यामुळे तेल महागले तरी वीज कंपनीच्या ताळेबंदाला झळ बसत नाही आणि डिझेल सोडण्याची घाईही तिला नसते. सौर प्रकल्पात याच्या उलट आहे. जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दिवशी करावा लागतो आणि विजेचा दर ठरतो तो व्याजाने.

दहा कोटी रुपयांचे कर्ज वीस वर्षांच्या समान हप्त्यांनी फेडायचे असेल तर ५ टक्के व्याजाने वार्षिक हप्ता सुमारे ८० लाख येतो आणि १२ टक्क्यांनी सुमारे १ कोटी ३४ लाख. पॅनेल तेच, ऊन तेच, आणि वीज दोनतृतीयांशाने महाग. श्रीमंत देशातील बेट आणि गरीब देशातील बेट यांत खरा फरक येथे पडतो.

व्याज चढे असण्याची कारणे आपण सांगितलीच आहेत. त्यात मी एक भर घालीन : पाच मेगावॉटच्या प्रकल्पाच्या कागदपत्रांना, तपासणीला आणि वकिलांना जवळजवळ तेवढेच लागते, जेवढे शंभर मेगावॉटच्या प्रकल्पाला लागते. म्हणून अनेक बेटांच्या गरजा एकत्र करून एकच निविदा आणि एकच नमुना करार ठेवण्याचा आग्रह धरायला हवा.

वादळाच्या जोखमीवर मात्र अलीकडे खरोखर चांगले काम झाले आहे. ग्रेनाडाने २०१५ मध्ये कर्जाची पुनर्रचना करताना रोख्यांत अशी अट घातली की, मोठे वादळ आल्यास काही काळ हप्ते पुढे ढकलता येतील. १ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळाने तिथले कॅरियाकू बेट उद्ध्वस्त केले तेव्हा ही अट प्रत्यक्ष वापरली गेली. २००७ मध्ये स्थापन झालेला कॅरिबियन देशांचा सामायिक विमा निधी नुकसानीचा पंचनामा होण्याची वाट पाहत नाही. वाऱ्याचा वेग आणि वादळाचा मार्ग यांवरून ठरलेली रक्कम काही दिवसांत देतो आणि वीज कंपन्यांच्या वाहिन्यांसाठीही आता त्याची योजना आहे. सर्वसाधारण विमा कंपन्या खांब आणि तारांचा विमा घ्यायला फारशा राजी नसतात, हे लक्षात घेतले म्हणजे याचे मोल कळते.

माझे स्वतःचे मत असे आहे की, अनुदानाचा पैसा पॅनेलवर खर्च करू नये. पॅनेलमधून युनिट निघतात, युनिट विकता येतात, त्यासाठी खासगी भांडवल मिळू शकते. राखीव बॅटरी, ग्रिडचे नियंत्रण, मजबूत वाहिन्या यांतून विकण्याजोगे फारसे काही निघत नाही. त्या सज्ज राहतात, एवढेच त्यांचे काम. विकसनशील देशांना हवामानबदलाच्या कामासाठी पैसा देणाऱ्या ग्रीन क्लायमेट फंड या आंतरराष्ट्रीय निधीने डिसेंबर २०१६ मध्ये मॉरिशससाठी मंजूर केलेल्या सुमारे २.८ कोटी डॉलरच्या अनुदानातील मोठा भाग ग्रिड बळकट करण्यासाठी होता आणि ही निवड योग्य होती. वीजखरेदी करारातही केवळ युनिटांचा दर न ठेवता सज्जतेसाठी वेगळे मासिक देय ठेवावे. आणखी एक अट बँकेने अवश्य घालावी : बॅटरी दहा-पंधरा वर्षांत बदलावी लागते, म्हणून पहिल्या वर्षापासून तिच्यासाठी वेगळ्या खात्यात रक्कम बाजूला पडली पाहिजे. देणगीतून उभारलेल्या अनेक लहान बेटांवरील यंत्रणा ऊन कमी पडले म्हणून बंद पडलेल्या नाहीत. बॅटरी बदलायला आणि सुट्या भागांना पैसा नव्हता, म्हणून पडल्या.

प्रश्न : घारापुरीला २०१८ मध्ये समुद्राखालून केबल टाकून वीज मिळाली. सगळ्या बेटांना अशी केबल का टाकत नाहीत? (एक वाचक, उरण)

उत्तर : घारापुरीचे अंतर सुमारे साडेसात किलोमीटर होते, म्हणून तिथे केबल हाच योग्य निर्णय ठरला, संध्याकाळचे काही तास डिझेल जनित्रावर काढणाऱ्या तिन्ही वाड्यांना त्यामुळे चोवीस तास वीज मिळाली. अंदमान मुख्य भूमीपासून हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि मधला समुद्र अतिशय खोल, तर लक्षद्वीपमधील प्रत्येक बेटाची मागणी एवढी थोडी की शेकडो किलोमीटरच्या केबलचा खर्च तिच्यातून कधीच निघणार नाही. म्हणून कवरत्तीवर १.७ मेगावॉटचा सौर प्रकल्प आणि १.४ मेगावॉट-तासांची बॅटरी बसवली गेली. जानेवारी २०२४ मध्ये तिचे उद्घाटन झाले. केबल असली तरी नांगराने किंवा जाळ्याने तिला इजा झाली तर दुरुस्तीचे जहाज येईपर्यंत बेट अंधारात राहते. त्यामुळे घारापुरीतही पाण्याचा पंप आणि प्रथमोपचाराची सोय यांच्यापुरती सौर-बॅटरी यंत्रणा असावी, असे मला वाटते. लेण्यांच्या परिसराला बाधा न आणता घरांच्या आणि शाळेच्या छतांवर ती बसू शकते.