वाचकांचे प्रश्न : पानझडीची जंगले आणि आपण

प्रश्न : शाळेच्या पुस्तकात उष्णकटिबंधीय वन म्हणजे ॲमेझॉनचे हिरवेगार चित्र असे. महूहून पातालपाणीकडे जाताना मात्र एप्रिलमध्ये डोंगर उघडेबोडके दिसतात. या जंगलांनाही उष्णकटिबंधीय म्हणायचे का? आणि तसे असेल, तर ती प्रसिद्ध जैवविविधता येथे का दिसत नाही?
— एक वाचिका, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : अवश्य म्हणायचे. कर्कवृत्त इंदूरच्या उत्तरेकडून जाते, म्हणजे आपण उष्ण कटिबंधातच राहतो. चॅम्पियन आणि सेठ या वनशास्त्रज्ञांनी १९६८ साली केलेल्या भारतीय वनांच्या वर्गीकरणात माळवा-निमाडची सागाची जंगले ‘उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी वने’ या गटात येतात, आणि देशाच्या वनक्षेत्रात सर्वांत मोठा वाटा याच गटाचा आहे.

वृक्षांच्या जाती मोजल्या तर आपली शंका रास्त ठरते. पनामातील बारो कोलोरॅडो बेटावरील ५० हेक्टरांच्या अभ्यासक्षेत्रात सुमारे ३०० जातींची झाडे आहेत; तमिळनाडूतील मुदुमलै येथील पानझडी जंगलात १९८८ साली तेवढेच क्षेत्र आखून मोजणी झाली, तेव्हा सुमारे ७० जाती भरल्या. या फरकाचे एक कारण उघड आहे : वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत आटोपतो तेथे उरलेले आठ महिने तग धरणाऱ्या जाती थोड्याच असतात. दुसरे कारण अधिक रंजक आहे. डॅनियल जान्झेन आणि जोसेफ कॉनेल या परिसंस्थाशास्त्रज्ञांनी १९७० आणि १९७१ साली स्वतंत्रपणे असे मांडले, की प्रत्येक जातीच्या वृक्षाखाली तिच्यावरच जगणारे किडे आणि बुरशी साचत जातात, त्यामुळे आईच्या सावलीत पडलेले बी सहसा वाचत नाही आणि मोकळी राहिलेली जागा दुसऱ्या जातीला मिळते. बारमाही ओल असलेल्या जंगलात या शत्रूंना उसंत मिळत नाही. आपल्याकडे कोरडा उन्हाळा त्यांच्या वाढीला खीळ घालतो.

तथापि जातींची संख्या हेच एकमेव माप धरले तर पानझडी जंगलावर अन्याय होतो. आपण ज्या महिन्यांत डोंगर उघडे पाहता, त्याच सुमारास निष्पर्ण फांद्यांवर पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात, मोहाची फुले पहाटे खाली पडतात, आणि पक्षी, वटवाघळे, अस्वले यांचा तो सुगीचा काळ असतो. (एप्रिलमधील त्या डोंगरांना ओसाड ठरवण्याआधी एकदा पहाटे मोहाखाली उभे राहून पाहावे, असे सुचवावेसे वाटते.)

शिवाय काही प्राणी केवळ याच जंगलाचे आहेत. रानपिंगळा हे लहानसे, दिवसा वावरणारे घुबड १८७३ साली पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी विज्ञानाला परिचित करून दिले. १८८४ मध्ये खानदेशातून त्याचा एक नमुना मिळाला आणि त्यानंतर शतकभर तो कोणालाच खात्रीने दिसला नाही. मायनर्ट्‌झहागेन या संग्राहकाने १९१४ साली गुजरातेत मिळवल्याचा दावा केलेला नमुना पुढे संग्रहालयातून चोरून चिठ्ठी बदललेला निघाला. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळच्या पानझडी जंगलात दिसला. पुढे तो मेळघाटात, आणि आपल्या खंडवा-बुऱ्हाणपूरच्या सागाच्या जंगलांतही आढळला. सदाहरित जंगल कितीही जपले, तरी या पक्ष्याला त्याचा काही उपयोग नाही.

प्रश्न : १४ जुलै २०२४ रोजी इंदुरात एका दिवसात बारा लाखांहून अधिक रोपे लावून विश्वविक्रम झाला. अशा लागवडीने तुटलेल्या जंगलाची भरपाई होईल का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : शहराला सावली आणि थोडा गारवा मिळेल, आणि तेवढ्यासाठी ही लागवड स्वागतार्ह आहे. लावलेल्यांपैकी किती जगली, याचा हिशेब मात्र तीन-चार उन्हाळे गेल्यावर करावा. जंगलाची भरपाई हा अगदी वेगळा विषय आहे. रानपिंगळा झाडाच्या ढोलीत घरटे करतो, आणि ढोली पडायला खोड जुने व्हावे लागते, एखादी फांदी मोडून कुजावी लागते. हे कोणत्याही रोपवाटिकेत विकत मिळत नाही. म्हणून उभे असलेले जुने जंगल, मोडक्या आणि वाळक्या झाडांसकट, राखणे हेच पहिले काम आहे, असे माझे मत आहे.

जे जंगल विरळ झाले आहे, तेथेही लागवडीचा क्रम बराच नंतर येतो. साग, पळस, तेंदू ही झाडे तोडली वा जळली तरी बुडख्यातून किंवा मुळांतून पुन्हा फुटतात. त्यांना हवी असते ती आग आणि चराई यांपासून काही वर्षांची सुटका. कोस्टा रिकाच्या ग्वानाकास्ते भागात वर उल्लेखिलेल्या जान्झेन यांनी १९८०च्या दशकापासून हेच केले : गुरांच्या जुन्या कुरणांत आफ्रिकेतून आणलेले जारागुआ गवत दरवर्षी पेटत असे, ते वणवे थांबवले, आणि वाऱ्याने व प्राण्यांनी आणलेल्या बियांतून पानझडी जंगल आपसूक परतू लागले.

आपल्याकडील आगींपैकी बऱ्याच माणसांनी लावलेल्या असतात. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, आणि त्यात मोहाचीच कोवळी रोपे जळतात. त्यामुळे अनेक ठिकाणी म्हातारे मोह आहेत, पण तरुण मोह नाहीत. वेचणाऱ्या भिल्ल, बारेला किंवा कोरकू कुटुंबांवर खापर फोडून हा प्रश्न सुटणार नाही, कारण मोह ही त्यांच्या वर्षाच्या मिळकतीतील मोठी बाब आहे. झाडाखाली जाळी बांधली की पाचोळा जाळण्याची गरजच उरत नाही आणि फुलेही स्वच्छ मिळतात. लाखो रोपांवरील खर्चाचा एक अंश अशा जाळ्यांवर झाला, तर त्याचे फळ अधिक मिळेल. घाणेरीचे (लँटाना) काटेरी रान उपटण्याचे कष्टाचे काम याच यादीतले. मात्र ते एकदा करून भागत नाही, पुढील काही वर्षे उगवणारी रोपेही काढावी लागतात.

प्रश्न : गच्चीवर वाढवलेली गुलमोहर आणि सुबाभळीची रोपे पावसाळ्यात चोरलच्या जंगलात लावली तर चालेल का?
— एक वाचक, महू

उत्तर : कृपया लावू नयेत. गुलमोहर मूळचा मादागास्करच्या पानझडी जंगलातील, तर सुबाभूळ मध्य अमेरिकेकडील असून ती झपाट्याने पसरते आणि स्थानिक रोपांना जागा उरू देत नाही. शिवाय राखीव वनात वनखात्याच्या परवानगीशिवाय लागवड करता येत नाही. गुलमोहर आपल्या सोसायटीच्या आवारात लावावा. सुबाभूळ तेथेही नको.