वाचकांचे प्रश्न : घराची सुरक्षितता

प्रश्न : आमच्या महिला मंडळाला घरांच्या सुरक्षिततेविषयी रहिवाशांसाठी उपक्रम सुरू करायचा आहे; पण व्याख्यानांना फारसे कोणी येत नाही. सुरुवात कशापासून करावी?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : व्याख्यान बाजूला ठेवून चार-पाच शेजारणींनी मिळून घरोघरी जावे आणि पहिली पाहणी न्हाणीघराची करावी, असे मी आवर्जून सुचवेन. इंदूरच्या थंडीत दारे-खिडक्या घट्ट लावून गॅस गीझर चालवला जातो. बंदिस्त जागेत प्राणवायू कमी पडला की ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातून प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक घट्ट जोडला जात असल्याने, डोके जड झाल्याचे जाणवेपर्यंत दाराची कडी काढण्याचेही त्राण कधी कधी उरत नाही. म्हणून गीझर न्हाणीघराबाहेर, हवेशीर जागी बसवून घ्यावा; तोवर झरोका उघडा ठेवून बादली भरावी आणि गीझर बंद करून मगच अंघोळीला जावे. हे घरातल्या ज्येष्ठांना व मुलांना प्रत्यक्ष करून दाखवावे.

स्वयंपाकघरात गॅसच्या नळीवर छापलेली मुदत घरच्यांनाच वाचायला लावावी. ती तारीख फार थोडे लोक पाहतात. गॅसचा वास आल्यास विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद न करता रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

उन्हाळ्यात हाच गट कूलरकडे वळवता येईल. टाकी दर आठवड्याला नुसती रिकामी न करता घासून घ्यावी, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी तिच्या कडांना चिकटून राहतात.