खेळकट्टा : ७४-५४ म्हटलं की ग्रुप का सोडतात?

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेले की २०१८ साली यूएमबीसी (युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर काउंटी) या कॉलेजच्या ज्या कोचने अमेरिकेतल्या व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल टीमची पार लाज काढली, त्याच रायन ओडमला त्यांनी मार्च २०२५ मध्ये आपला कोच म्हणून आणलंय. बस, तेवढ्यावर पत्रांचा ढीग आला. क्रिकेट सोडून या कट्ट्यावर कुणाला इतका उत्साह येतो हे मला नवीनच, त्यामुळे या वेळचा कट्टा सगळा त्याच टीमचा.

ताई, माझा मुलगा व्हर्जिनियाला, शार्लट्सव्हिलमध्ये एमएस करतोय आणि पुतण्या बाल्टिमोरजवळ यूएमबीसीत. दोघं एका ताटात जेवलेले. पण दिवाळीत पुतण्याने फॅमिली ग्रुपवर नुसतं "७४-५४" टाकलं आणि आमचे चिरंजीव ग्रुप सोडून गेले. जाऊबाई मला विचारतात काय झालं, मला कुठे माहिती? – एक आई, नाशिक

काकू, आधी मुलाला परत ॲड करा, त्याची चूक नाहीये.

१६ मार्च २०१८. व्हर्जिनियाची टीम त्या सिझनला ३१ मॅच जिंकून फक्त २ हरलेली, देशात पहिला नंबर, आणि नॅशनल स्पर्धेत त्यांना वरचं सीड (ताकदीप्रमाणे दिलेला नंबर), म्हणजे १. समोर यूएमबीसी, सीड १६, म्हणजे गटातली सगळ्यात खालची. पुरुषांच्या स्पर्धेत तोपर्यंत १ विरुद्ध १६ अशा १३५ मॅच झाल्या होत्या आणि १३५ च्या १३५ वरच्याच टीमने जिंकलेल्या. यूएमबीसीची तर अशी गत की जानेवारीत अल्बानीकडून ८३-३९ असा मार खाऊन आलेले, मग आपल्या लीगच्या फायनलमध्ये व्हर्मांटविरुद्ध जायरस लाइल्सने शेवटच्या क्षणी थ्री पॉइंटर (लांबून टाकलेलं, तीन पॉइंटांचं बास्केट) टाकला म्हणून कशीबशी एंट्री मिळालेली. बुद्धिबळात त्या कॉलेजचं मोठं नाव आहे, बास्केटबॉलमध्ये कुणी विचारत नव्हतं.

हाफ टाइमला २१-२१. इथपर्यंत लोक म्हणत होते ठीक आहे, होतं असं कधीकधी. पण दुसऱ्या हाफमध्ये यूएमबीसीने ५३ पॉइंट केले हो, आणि ते कुणाविरुद्ध, तर देशातला सगळ्यात कडक डिफेन्स म्हणून ज्यांचं नाव होतं त्यांच्याविरुद्ध. लाइल्सचे एकट्याचे २८. त्यांचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारा, के जे मौरा जेमतेम पाच फूट आठ इंच, तो त्या उंच पोरांच्या बगलेखालून असा निघून जात होता जसा गर्दीच्या लोकलमध्ये एखादा चणेवाला. शेवटी ७४-५४. वीस पॉइंटांनी! एका पॉइंटने हरले असते तर नशीब म्हणता आलं असतं, वीसला काय म्हणणार. व्हर्जिनियाचा डिआंद्रे हंटर मनगट मोडल्याने बाहेर होता हे खरं, पण वीस पॉइंटांचा फरक एका मनगटाचा नसतो.

(आणि मॅच शार्लट या शहरात झाली, शार्लट्सव्हिलमध्ये नाही. ही दोन गावं वेगळी, राज्यंसुद्धा वेगळी. जाऊबाईंना सांगताना घोळ नको.)

आता मुलाला एक उत्तर देऊन ठेवा. पुढच्या वेळी पुतण्याने ७४-५४ टाकलं की खाली "८५-७७" टाकायचं. का ते पुढे वाचा.

आमच्याकडे झोनल, मग इंटरझोनल, चार दिवसात सिझन खल्लास. तिकडे वर्षभर काय खेळतात? आणि हे सीड प्रकरण काय आहे? – एफवायचा एक खेळाडू, कोल्हापूर

अरे चार दिवस तरी मिळाले तुला, आमच्या वेळी पहिल्याच राउंडला हरलो की दुपारच्या एसटीने परत. तिकडे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तीसेक मॅच होतात. आधी इकडच्या तिकडच्या टीमशी, मग आपल्या लीगमध्ये, व्हर्जिनियाची लीग एसीसी, त्यात ड्यूक, नॉर्थ कॅरोलायना असली दादा मंडळी. मग लीगची स्पर्धा. आणि मग एका रविवारी कमिटी नॅशनल स्पर्धेच्या टीमची यादी जाहीर करते, चार विभाग, प्रत्येकात १ ते १६ सीड. तिथून पुढे हरला की घरी. म्हणजे पाच महिने घाम गाळून जे कमावलं ते चाळीस मिनिटांत जाऊ शकतं, वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ, बास. बेस्ट ऑफ सेव्हन वगैरे लाड एनबीएत. मला स्वतःला हा प्रकार क्रूर वाटतो आणि म्हणूनच मी तो बघते.

मी शाळेच्या मुलांना शिकवतो. व्हर्जिनियाचा तो पॅक लाइन डिफेन्स चौदा वर्षांच्या पोरांना जमेल का? आणि तो इतका भारी होता तर यूएमबीसीसमोर फाटला कसा? – एक क्रीडाशिक्षक, नागपूर

सर, जमेल, पण पोरं कंटाळतील, हे आधीच सांगते.

व्हर्जिनियाचा तेव्हाचा कोच टोनी बेनेट याने हा डिफेन्स वडलांकडून घेतला. वडील डिक बेनेट, ते विस्कॉन्सिनमध्ये कोच होते आणि ही पद्धत त्यांचीच. खडू घ्या आणि बास्केटपासून साधारण १६ फुटांवर अर्धगोल काढा, फ्री थ्रो लाइनच्या (फाउल झाल्यावर जिथून बिनअडथळा बॉल टाकायला मिळतो त्या रेषेच्या) थोडासा बाहेरून जाईल. ज्याच्या माणसाकडे बॉल आहे त्याने बाहेर जाऊन अंगावर जायचं. बाकीचे चौघं मात्र रेषेच्या आत, आपला माणूस पार कोपऱ्यात उभा असला तरी आतच. मग ड्रिबल करून घुसायला फटच राहत नाही, जिकडे घुसावं तिकडे कुणाची तरी छाती आडवी. बॉल बाहेर पास झाला की धावत जायचं पण शेवटची दोन-तीन पावलं आखूड टाकायची, हात वर, नाहीतर पोरगं सुसाट जातं आणि समोरचा एक हूल देऊन बाजूने निघतो. हीच दोन-तीन आखूड पावलं शिकवायला मला स्वतःला एक अख्खा मे महिना लागला होता, आणि तरी मॅचमध्ये दहातले चार वेळा विसरायचेच.

फाटला कसा, तर ज्या जागी तो नेहमीच विरलेला होता तिथेच. आत गर्दी केली की बाहेर जागा राहते. समोरच्याचे थ्री पॉइंटर पडायला लागले की संपलं. यूएमबीसीने त्या दिवशी २४ पैकी १२ थ्री टाकले आणि व्हर्जिनियाचे २२ पैकी ४ पडले. वर हे तेव्हा खेळायचे इतके संथ, मुद्दाम घड्याळ खात, की एकदा पंधरा पॉइंटांनी मागे पडले की भरून काढायला बॉलच तेवढ्या वेळा हातात येत नाही.

आता इथे माझं एक म्हणणं आहे. आपल्याकडे एवढी मोठी हार झाली असती तर काय झालं असतं? कोच बदला, सिस्टिम बदला, कॅप्टन बदला. बेनेटने डिफेन्स तसाच ठेवला, तीच रेषा, तीच पावलं. अटॅकमध्ये तेवढी भर घातली, बॉल स्क्रीन (बॉलवाल्याच्या डिफेंडरची वाट सोबत्याने अडवायची) वाढवले, म्हणजे काइल गाय, टाय जेरोम आणि हंटर या तिघांना स्वतःचं काही करायला जागा मिळाली. मला विचाराल तर व्हर्जिनियाने २०१९ चा नॅशनल कप इथे जिंकला, नंतरचे ते चमत्कार बिमत्कार नंतर.

चमत्कार कसले, रेफरीने जिंकवलं! ऑबर्नच्या मॅचमध्ये जेरोमचा सरळसरळ डबल ड्रिबल होता, शिट्टीच नाही. तुम्ही त्यावर कधी लिहीत नाही. – एक चिडलेला वाचक, ठाणे

लिहिते की. डबल ड्रिबल (टप्पे मारणं थांबवून परत सुरू करणं, ते चालत नाही) होता. मी रिप्ले दहा वेळा पाहिलाय, होता म्हणजे होता.

बाकीच्यांसाठी थोडं मागून सांगते. २०१८-१९ ला व्हर्जिनिया परत १ सीड, परत पहिल्या मॅचला १६ वी टीम, गार्डनर-वेब, आणि पहिल्या हाफमध्ये चक्क १४ ने मागे! मी तर लॅपटॉप बंद करून कुकर लावायला गेले होते. ती मॅच ७१-५६ ने काढली. मग ओक्लाहोमा, ओरेगन. मग पर्ड्यू, तिथे कार्सन एडवर्ड्स नावाच्या पोराने एकट्याने ४२ पॉइंट केले, १० थ्री (बघा, तीच विरलेली जागा). ५.९ सेकंद बाकी, तीनने मागे, जेरोमला दोन फ्री थ्रो, पहिला टाकला, दुसरा हुकला, आणि त्या हुकलेल्या बॉलला ममादी डियाकिते या गिनीहून आलेल्या पोराने नुसती बोटं लावून मागे टोलवला, तो गेला पार आपल्या अर्ध्या कोर्टात. किहेई क्लार्क, फर्स्ट इयरचा, टीममधला सगळ्यात बुटका, तो धावत गेला, बॉल उचलला, जेरोम जवळच हात करून मागत होता, त्याला न देता लांबवर डियाकितेला पास. बझर. बास्केट. ओव्हरटाइम, ८०-७५.

त्या सहा सेकंदात रेफरीचा काय संबंध होता सांगा. जेरोमला पास दिला असता तर तो अर्ध्या कोर्टावरून फेकत बसला असता. एवढ्या गोंधळात मान वर करून लांबचा माणूस बघणं, हे प्रॅक्टिसमध्ये हजार वेळा केल्याशिवाय येत नाही.

आता ऑबर्न. सेमी फायनल, मिनियापोलिस. व्हर्जिनिया १० ने पुढे होती आणि ऑबर्नने सलग १४ पॉइंट करून ६१-५७ केलं. गायने थ्री टाकला, ऑबर्नचा एक फ्री थ्रो पडला, ६२-६०. मग तो तुमचा डबल ड्रिबल, सुटला. पण शेवटी ०.६ सेकंद असताना कोपऱ्यात गायवर जो फाउल दिला तो फाउलच होता, हवेतल्या शूटरच्या पायात जाऊन धडकल्यावर रेफरीने काय करायचं? एक चूक झाली, एक बरोबर दिलं. ऑबर्नच्या जागी मी असते तर मीही आयुष्यभर शिव्या दिल्या असत्या, ते तुमचं मान्य.

मी युनिव्हर्सिटी टीमला खेळते. मागच्या महिन्यात शेवटचे दोन फ्री थ्रो हुकवले आणि तेव्हापासून झोपच नाही. त्या गायने तीन कसे टाकले? – एस. वाय. बीए, संभाजीनगर

बाळा, फाउल मिळाल्यावर गायने जर्सी ओढून तोंड झाकून घेतलं होतं. लोकांना वाटलं रडतोय. तो स्वतःला एका जागी आणत होता. पहिला टाकला. दुसरा टाकला, बरोबरी. तेवढ्यात ऑबर्नने टाइम आउट घेतला, मुद्दाम, म्हणजे पोरगं विचार करत बसावं. परत आला, तिसराही टाकला. ६३-६२. हा तोच मुलगा ज्याने यूएमबीसीनंतर फेसबुकवर मोकळेपणी लिहिलं होतं की मला एंग्झायटीचा त्रास आहे, गोळ्या चालू आहेत. आणि त्या हरलेल्या मॅचमधला स्वतःचा वाकलेला फोटो त्याने फोनवर लावून ठेवला होता, रोज दिसावा म्हणून.

फोटो लावायचं मी तुला सांगणार नाही, प्रत्येकाला ते झेपत नाही, मला तर अजिबात झेपलं नसतं. पण झोप महिनाभर लागत नसेल तर कोचला सोड, आधी डॉक्टरला भेट, खरंच भेट. आणि प्रॅक्टिसच्या शेवटी पाय थकलेले असताना दहा फ्री थ्रो टाकत जा, सुरुवातीला ताज्या पायाने टाकलेले पन्नास काही कामाचे नसतात.

फायनलचं पण सांगा! – बरेच जण

८ एप्रिल २०१९, टेक्सस टेकशी, दोघंही पहिल्यांदाच फायनलला. हंटर, तोच मोडक्या मनगटाचा, त्याचे २७ पॉइंट, आणि बारा-तेरा सेकंद उरले असताना त्यानेच थ्री टाकून ६८-६८ केलं. ओव्हरटाइममध्ये व्हर्जिनियाने १२ फ्री थ्रो घेतले, बाराही आत. ८५-७७. गाय बेस्ट प्लेयर. पुढच्या वर्षी कोविडमुळे स्पर्धाच झाली नाही, म्हणून हे दोन वर्षं चॅम्पियन मिरवले.

१६ ने १ ला हरवलं ते पहिल्यांदाच का? – एक वाचक, पणजी

पुरुषांत हो. बायकांनी ते वीस वर्षं आधीच करून दाखवलेलं, १९९८ ला हार्वर्डने स्टॅनफर्डला. कुणी लक्षात ठेवत नाही, मी ठेवते. पुरुषांत नंतर २०२३ ला परत झालं, फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला हरवलं, आणि गंमत म्हणजे पर्ड्यूही पुढच्याच वर्षी फायनलला पोचली, तिथे मात्र हरली.

बेनेट इतका चांगला होता तर सोडला का त्यांनी? – निवृत्त शिक्षक, सातारा

सर, त्यांनी नाही सोडला, त्याने सोडलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये, सिझन तोंडावर असताना. कप जिंकल्यावर पगारवाढ नाही म्हणणारा हा माणूस. आता खेळाडूंना उघड पैसे मिळतात, ट्रान्सफर पोर्टलवर (कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) नाव टाकलं की पोरगं पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात. खेळाडूंना पैसे मिळायलाच हवेत, त्यांच्या जिवावर सगळे खातात. पण आजच्या नियमात यूएमबीसीकडून हरलेली ती टीम दुसऱ्या दिवशी चार दिशांना गेली असती, आणि एक पद्धत तीन-तीन वर्षं घोटून घेणाऱ्या कोचचं त्यात अवघडच होतं. ओडम मात्र तिथलाच म्हणायचा, त्याचे वडील ऐंशीच्या दशकात व्हर्जिनियात असिस्टंट कोच होते आणि हा लहानपणी तिथेच बॉलबॉय.

मॅच आपल्याकडे किती वाजता असतात? – एक आई, नाशिक (परत)

काकू, थंडीत तिकडे संध्याकाळी सातला सुरू झाली की आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. दूध तापेपर्यंत पहिला हाफ. आणि जाऊबाईंना बोलवा बघायला, फक्त पुतण्याला कळवू नका.