आई-बाबांना घेऊन ट्रेनने युरोप: युरेल पास घ्यावा की सुटी तिकिटं?

तुमचा प्रश्न असा आहे: मे महिन्यात पंधरा-सोळा दिवस, सोबत साठी ओलांडलेले आई-बाबा, आणि यादीत पॅरिस, ॲम्स्टरडॅम, स्वित्झर्लंड, इटली, प्राग, व्हिएन्ना. सगळं ट्रेनने. तर युरेल पास, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या गाड्यांना चालणारा एकच पास, घ्यावा का?

माझं उत्तर: या सहलीसाठी घेऊ नका. आणि ॲम्स्टरडॅम, प्राग ही दोन नावं आत्ताच खोडा. मी म्युनिकमध्ये राहते, भारतातून येणाऱ्या नातेवाइकांचे असे बेत दरवर्षी माझ्याच टेबलावर ठरतात. ज्येष्ठ माणसांना गाडीत बसून शीण येत नाही, तो येतो बॅगा भरण्याचा आणि हॉटेल सोडण्याचा. म्हणून पास की तिकीट हे ठरवण्याआधी किती ठिकाणी मुक्काम करायचा ते ठरवा. मी असं सुचवेन: पॅरिस चार रात्री, स्वित्झर्लंडमधलं इंटरलाकेन चार, रोम तीन, व्हेनिस दोन, व्हिएन्ना दोन. विमान जाताना पॅरिसला आणि परतताना व्हिएन्नाहून घ्या, म्हणजे आलेल्या वाटेने मागे जावं लागणार नाही.

आता पासाचा हिशोब. या मार्गावर लांबचे प्रवास चारच. त्यातल्या पहिल्या तीनमध्ये पास असला तरी सीटचं आरक्षण सक्तीचं, आणि त्याचे पैसे वेगळे. पॅरिसहून स्वित्झर्लंडला जाणाऱ्या तेजेवे लिरिया या वेगवान गाडीमध्ये तर पासवाल्यांसाठी ठरावीकच जागा असतात. इटलीत त्रेनइतालिया आणि इतालो या दोन कंपन्यांची चुरस असल्यामुळे लवकर काढलेलं तिकीट मुळातच स्वस्त पडतं. साठीच्या पुढच्यांना पासावर १० टक्के सवलत आहे, पण तेवढ्याने हे गणित फिरत नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम अशा भागांत मनाला येईल त्या दिवशी, येईल त्या गाडीत बसायचं असेल, तर पास खरोखर उत्तम. तुमची सहल तशी नाही.

स्वित्झर्लंडची गोष्ट वेगळी. तिथे स्विस ट्रॅव्हल पास घ्या. त्यात गाड्या, बस, सरोवरांतल्या बोटी आणि गावांतल्या ट्रामही येतात. इंटरलाकेनहून लाउटरब्रुनेन, ग्रिंडेलवाल्ड, वेंगेन, म्युरेन या डोंगरातल्या गावांपर्यंत तो चालतो. युंगफ्राउयोख या बर्फातल्या उंच स्टेशनाला जाणाऱ्या पुढच्या डोंगरी गाडीवर फक्त सवलत मिळते, आणि सवलतीनंतरही ते तिकीट महागच. ते स्टेशन ३,४५४ मीटर उंचीवर आहे. बाबांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. शिवाय ते तिकीट घरून काढून ठेवू नका, मे महिन्यात वर ढग असले तर पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. सकाळी तिथला थेट कॅमेरा इंटरनेटवर बघा आणि मग ठरवा. ढग असतील तर ब्रिएंझ सरोवरातली बोट घ्या, पासात फुकट आहे, आणि आईला बहुधा तीच जास्त आवडेल.

हा पास ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. चार रात्री म्हणजे पाच तारखा, पण सहा दिवसांचा घेऊ नका. पॅरिसच्या गाडीने बाझेल या सीमेवरच्या स्विस शहरात पोचाल त्या दिवसापासून चार दिवसांचा घ्या आणि पाचव्या दिवसासाठी इंटरलाकेन ते मिलान सरळ तिकीट आधीच काढा. स्पीझला गाडी बदलायची; पुढे लोच्बर्ग आणि सिम्प्लॉनच्या बोगद्यांतून गाडी इटलीत उतरते. सिम्प्लॉन जवळजवळ २० किलोमीटरचा आहे, १९०६ सालचा. मिलानला तासभर हाताशी ठेवा, तिथून रोम तीन-सव्वातीन तासांवर.

रोम ते व्हेनिस साधारण चार तास, वाटेत फ्लॉरेन्स. सकाळी लवकर निघालात तर सांता मारिया नोव्हेला स्टेशनात सामान ठेवून चार तास गाव बघता येतं. तिकिटं मग दोन तुकड्यांत काढा. व्हेनिसमध्ये दोन स्टेशनं आहेत: मेस्त्रे जमिनीवर, सांता लुचिया बेटावर. हॉटेल कुठल्या बाजूला आहे ते बघून तिकीट घ्या.

व्हेनिस ते व्हिएन्ना रात्रीची गाडीही आहे, एका रात्रीचं हॉटेल वाचतं. तरी मी दिवसाची रेलजेट ही ऑस्ट्रियाची वेगवान गाडी घ्या म्हणेन. क्लागेनफुर्टच्या अलीकडे गाडी वोर्थर सरोवराच्या काठाने जाते, आणि व्हिएन्नाच्या आधी सेमरिंगचा घाट लागतो. हा रेल्वेमार्ग १८५४ साली पुरा झाला, आपल्या बोरघाटाच्या नऊ वर्षं आधी. दगडी कमानींचे दुमजली पूल, बोगदे, तीव्र वळणं. खंडाळ्याच्या घाटात दारात उभं राहून प्रवास केलेल्या माणसाला सेमरिंगचा घाट झोपेत चुकवायला लावणं मला पटत नाही.

सामानाबद्दल कळकळीने सांगते. हमाल मिळत नाहीत, पुष्कळ ठिकाणी फलाट डब्यापेक्षा खाली असतो, आणि गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. प्रत्येकाची एकच बॅग, आणि ती ज्याची त्याला दोन पायऱ्या उचलता आली पाहिजे. फलाटावर A, B, C असे विभाग लिहिलेले असतात. आपला डबा कुठे येणार हे फलकावर बघून आधीच तिथे जाऊन उभे राहा. पासपोर्ट मात्र बॅगेत नको, अंगावर हवा. या चारही देशांच्या सीमांवर नेहमीची तपासणी नाही, पण गाडीत पोलीस अधूनमधून विचारतात.

व्हिसा एकच, या चारही देशांना चालणारा शेंगेनचा. अर्ज जिथे सर्वांत जास्त राहणार त्या देशाकडे करायचा. वरच्या बेतात इटलीच्या पाच रात्री होतात, म्हणून इटलीकडे. रात्री बदलल्यात तर हेही बदलेल. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तो जानेवारी-फेब्रुवारीतच करून टाका, कारण गाड्यांची सर्वांत स्वस्त तिकिटं परत होत नाहीत. आधी रद्द करता येतील अशी हॉटेलं, मग व्हिसा, आणि तो हातात आला की त्याच आठवड्यात पॅरिस–बाझेल आणि इटलीतल्या गाड्या. स्विस पास शेवटी घेतलात तरी चालेल, त्याची किंमत उशिरामुळे वाढत नाही.