घरची शेगडी कॅम्पर व्हॅनमध्ये चालेल का?

प्रश्न: आमच्याकडे पाइपलाइनचा गॅस आहे. आता एक व्हॅन घेतलीय, तिची कॅम्पर करतोय. घरातली शेगडी चांगली आहे, तीच आत बसवून सिलिंडर जोडावा असं आमच्या ह्यांचं म्हणणं, गॅस तो गॅस, पाइप बदलला की झालं. चालेल का? आणि सिलिंडर ब्युटेनचा घ्यावा की प्रोपेनचा?

उत्तर: नुसता पाइप बदलून अजिबात लावू नका, प्लीज. पाइपलाइनचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि तेवढ्याच आकारमानाच्या प्रोपेनमध्ये त्याच्या साधारण अडीचपट उष्णता असते. म्हणून पाइपलाइनच्या शेगडीत जेटचं, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या छोट्या तोटीचं, भोक मोठं असतं आणि सिलिंडरच्या शेगडीत बारीक. मोठ्या भोकातून प्रोपेन सोडलात तर ज्योत उंच, पिवळी, भांड्याच्या बुडाला काजळी आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड, ज्याला ना वास ना रंग. घरात निदान खिडक्या-दारं असतात हो, व्हॅनमध्ये तुम्ही दार लावून तिथेच झोपणार!

आधी शेगडी उलटी करून खालची प्लेट वाचा, कुठल्या गॅससाठी आणि किती प्रेशरवर ते तिच्यावर लिहिलेलं असतं. त्याच कंपनीचं कन्व्हर्जन किट, म्हणजे शेगडी दुसऱ्या गॅसवर चालवायला लागणारे सुटे भाग, मिळत असेल तर सगळे जेट आणि लागेल तो रेग्युलेटर गॅसचं काम जाणणाऱ्या माणसाकडून बदलून घ्या, मंद आचेचं सेटिंगही तोच करेल. किट नसेल तर विषय सोडा. जेटला ड्रिल मारणं, तार घालून भोक कमी करणं असले उद्योग नकोत. मला विचाराल तर व्हॅनसाठी बनवलेली वेगळी शेगडीच घ्या, ती हादऱ्यांचा विचार करून केलेली असते आणि ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारा सेफ्टी व्हॉल्व्ह तिच्यात असतो का ते घेतानाच बघा.

सिलिंडर मात्र प्रोपेनचा. ब्युटेन उकळतो उणे 0.5 अंशाला आणि प्रोपेन उणे 42 ला, म्हणजे कडाक्याच्या थंडीत पहाटे चहा ठेवायला गेलात तर ब्युटेनचा सिलिंडर हलवून बघितला तर आत द्रव डुचमळतोय पण बर्नरला ज्योत धरत नाही, आणि गॅस वापरताना सिलिंडर स्वतःच आणखी गार होतो त्यामुळे 4-5 अंशांतही तो रडतो. फक्त उन्हाळ्यात फिरणार असाल तर ब्युटेनही चालेल, पण दोघांचं प्रेशर वेगळं असतं तेव्हा रेग्युलेटर त्या-त्या गॅसचाच हवा. आणि सिलिंडर कायम उभा, पट्ट्याने बांधलेला, आडवा झाला तर गॅसऐवजी द्रव नळीत येतो.

अजून एक, मिथेन हवेपेक्षा हलका, वर जातो, पण प्रोपेन-ब्युटेन जड, जमिनीलगत साचतात. त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक पाहिजेच, आणि गॅस डिटेक्टर घरात छताजवळ असला तरी व्हॅनमध्ये तो खाली, फरशीजवळ लावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा घ्या, तो झोपायच्या जागेजवळ.