मगरीचं किंवा सापाचं लेदर खरं आहे की साध्या चामड्यावर छापलेलं, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात आधी पॅटर्न बघा. गाईच्या चामड्यावर साचा दाबून छापलेलं असेल तर तोच तुकडा थोड्या अंतरावर परत जसाच्या तसा दिसतो आणि खाचा सगळीकडे सारख्याच खोल असतात, खऱ्या कातडीत मात्र दोन खवले हुबेहूब एकसारखे सापडत नाहीत, पोटाकडचे मोठे चौकोनी, बाजूला जाता जाता छोटे आणि गोल होत जातात.

आता मगर की अॅलिगेटर (मगरीचाच एक नातेवाईक प्राणी)? मगरीच्या जवळपास प्रत्येक खवल्यावर टाचणीने टोचल्यासारखा बारीक ठिपका असतो, ते तिचं संवेदनेचं इंद्रिय आहे. अॅलिगेटरच्या अंगावर तो नसतो, पण पोटावर नाळेची जाळीदार खूण असते, आणि महागड्या बॅगेत ती मुद्दाम समोर ठेवतात म्हणे! केमन हाही मगरीचा एक नातेवाईक, त्याच्या खवल्यांत हाड असतं म्हणून लेदर कडक, खड्डे पडलेलं वाटतं.

सापाचं तर सोपंय, उलट्या दिशेने बोट फिरवा, खवल्यांच्या कडा बोटाला अडकतात. पण जाड पॉलिश असेल तर हे चालत नाही.

आणि हो, मगरीच्या आणि अजगराच्या सगळ्या जाती साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात येतात, त्यामुळे दुसऱ्या देशातून आणताना परमिट लागू शकतं, घेण्याआधीच विचारा.